लाकडी पावलांचा कॉम्प्युटर

"ताई, मशीन मेलं," धाकटा फोनवर म्हणाला. "शनिवारी चालू होतं गं. माझ्या डोळ्यांदेखत चालू होतं."

सोमवार, सकाळचे दहा. ताईच्या टेबलावर एक प्रिंटर पोट उघडून पडला होता. कुठलं मशीन, असं तिने विचारलं, तर पलीकडे धाकटा गप्प. त्या गप्प बसण्यावरूनच तिने ओळखलं.

"बुटांच्या कारखान्यातलं?"

"हो."

"मला न सांगता तिथलं काम घेतलंस?"

"सांगितलं असतं तर घेऊ दिलं असतंस का?"

नसतंच घेऊ दिलं. त्या कारखान्याच्या रस्त्याने जायला नको म्हणून अकरा वर्षं ती बाजाराला वळसा घालून जात होती.

वाकड्या, आखूड, शस्त्रक्रिया झालेल्या पायांसाठी तिथे खास बूट बनत. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाची मापं कॉम्प्युटरमध्ये असत, त्यावरून यंत्र लाकडाचा साचा कोरत असे आणि त्या साच्यावर बूट शिवला जाई. साच्याला सगळे पाऊलच म्हणत. अकरा वर्षांपूर्वी ताई तिथे मेमरी वाढवायला गेली होती. संध्याकाळी चालू स्थितीत सोडलेला कॉम्प्युटर सकाळी उठलाच नाही. आतली डिस्क हलवली की खुळखुळ वाजायची. आठशे माणसांचे पाय गेले.

तेव्हा तिचं दुकान एका भागीदाराबरोबर होतं. त्याने गावभर सांगितलं, डिस्क हिच्या हातून पडली. महिनाभरात दुकान त्याचं झालं. आता त्याचं काचेच्या दारांचं शोरूम होतं आणि बाजार त्याला शोरूमवाला म्हणायचा. आपल्याला घालवायला डिस्क त्यानेच फोडली, याबद्दल ताईच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ती मेलेली डिस्क तिने फडक्यात गुंडाळून ड्रॉवरमध्ये ठेवली होती. महिन्यातून एकदा ती ड्रॉवर उघडायची, राग शिळा होऊ नये म्हणून.

तिने पिशवी उचलली.

कारखान्यात काही बदललं नव्हतं. एक लांब खोली, भुसा आणि वार्निशचा वास, आणि कोपऱ्यात काचेच्या भिंतींचं छोटं ऑफिस. मालक ऑफिसच्या दारातच उभे होते. त्यांनी या, बसा केलं नाही.

"पुन्हा तुमचंच घराणं," ते म्हणाले.

ताईने ऐकून घेतलं. मग मालकांनी हिशेब रोखठोक मांडला. आज संध्याकाळी पाचला, इथले बूट जिथे जात त्या रुग्णालयात बैठक होती. तिथल्या साठ कॉम्प्युटरांची देखभाल कुणाला द्यायची, हे मालकांच्या शब्दावर ठरणार होतं. ते धाकट्याचं नाव सुचवणार होते. आता शोरूमवाल्याचं सुचवतील.

धाकटा खाली मान घालून उभा होता. त्या कामाच्या भरवशावर त्याने गेल्याच महिन्यात नोकरी सोडली होती, हे ताईला ठाऊक होतं. आज त्याच्या डोक्यावर खापर फुटलं तर त्याचंही नाव अकरा वर्षं कुणी घेणार नव्हतं. घराण्यात एक उदाहरण पुरे होतं.

"मशीनला कुणी हात लावलाय?"

"मी लावूच दिला नाही," मालक म्हणाले. "याला तर नाहीच."

"बरं केलंत."

खिडकीपाशी लांब बाकावर रंधाकाका काम करत होते. मूळ नाव कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. रंधा हातात धरूनच जन्मले, असं लोक म्हणत. एरवी ते बहुतेक वेळ यंत्राने कोरलेल्या पावलांना घासून वार्निश लावत. आज मात्र सकाळपासून मालकांनी त्यांच्याकडे एकदम चार जोड हाताने कोरायला दिले होते, कारण शुक्रवारी माल जायचा होता आणि यंत्र कॉम्प्युटरवाचून ठोकळ्यासारखं उभं होतं. काकांनी खिशातून एक स्क्रू काढला, बाकाला टांगलेल्या मेणाच्या गोळ्यावरून ओढला आणि लाकडाचा ठोकळा फळीला पक्का केला. मग मान वर करून हसले.

"बस गं, ताई. स्टूल घे. उभ्याने कामं होत नाहीत."

ताईला बरं वाटलं. त्या वाईट दिवसांत रस्त्यात भेटल्यावर तोंड न फिरवणारा या कारखान्यातला हा एकच माणूस होता.

तिने धाकट्याकडून सगळी हकीकत काढून घेतली. कॉम्प्युटर बारा वर्षांचा. कासवाच्या गतीने चालायचा. यंत्र दिवसाला दोन पावलं कोरताना धापा टाकायचं, म्हणून आठवड्याचे चार-पाच जोड काकांकडे जायचे. शनिवारी धाकट्याने मेमरीच्या दोन नव्या पट्ट्या आणि वेगवान डिस्क बसवली. झाकणाचे दोन स्क्रू गंजले होते, तेही टाकून नवे कोरे लावले. अर्ध्या तासात एक पाऊल कोरून झालं. मालकांनी पाठ थोपटली.

"तेव्हा कोण कोण होतं?"

"सगळेच. मालक, सूनबाई, काका. सगळे विचारत होते, मी सांगत होतो. हे पट्टीचे सोनेरी दात बघा, यांना घाण लागली तरी मशीन उठत नाही, असं सगळं."

"म्हणजे शाळाच घेतलीस."

धाकट्याला बोलायची हौस फार. लहानपणीही तो मारामारी करायच्या आधी कुठे मारणार ते सांगून टाकायचा.

ताईने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. एक लांब बीप. थांबून पुन्हा लांब बीप. मेमरी सापडत नसली की ही जुनी मशीनं असं रडतात. तिने वायर काढली आणि झाकणाच्या स्क्रूंना पेचकस लावला. दोन्ही मुकाट सुटले. इतके मुकाट, की दुसरा तिच्या बोटांतून निसटून जमिनीवर गेला. तिने तो उचलून खिशात टाकला आणि बुळबुळीत झालेली बोटं रुमालाला पुसली.

मेमरीच्या पट्ट्या तिने खिडकीच्या उजेडात धरल्या. सोनेरी दात चमकत होते, जरा जास्तच. तिने नखाने खरवडलं. नखाखाली पातळ, पिवळसर पापुद्रा आला.

"वार्निश," ती म्हणाली. "दोन्ही पट्ट्यांवर. चांगलं वाळलेलं."

धाकट्याने सुटकेचा श्वास सोडला. मालक लगेच म्हणाले, मग पुसून सुरू करा.

"पुसायला दहा मिनिटं लागतात, मालक. ज्याने लावलं त्याला पळायलाही तेवढीच पुरतील. आधी माणूस, मग मशीन."

तिला घाई नव्हती. खरं सांगायचं तर तिला मजा येऊ लागली होती. अकरा वर्षांपूर्वी याच खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. आज ती सगळ्यांकडे बघत होती.

मालकांच्या सूनबाई ऑफिस सांभाळत. जुन्या मशीनवर पैसे घालू नका, नवंच घ्या, असा त्यांचा शनिवारपर्यंत धोशा होता.

"चाव्या कुणाकडे असतात?"

"बाबांकडे, माझ्याकडे आणि काकांकडे."

"शनिवारी कुलूप कुणी लावलं?"

"काकांनी, नेहमीसारखं. आज उघडलंही त्यांनीच, आठला."

"रविवारी कुणी आलं होतं?"

सूनबाईंनी सासऱ्यांकडे पाहिलं. "मी आले होते. अकराला. शोरूमवाले बरोबर होते. नव्या मशीनसाठी जागा बघायला."

मालकांना ही बातमी नवी होती.

"तुमची नखं छान चमकतात," ताई म्हणाली.

"नेलपॉलिश आहे. बिनरंगाचं." मग त्या बोलण्यामागचं ध्यानात येऊन सूनबाई लाल झाल्या आणि त्यांनी ड्रॉवरमधली बाटली काढून टेबलावर आपटली. ताईने थेंबभर कागदावर टाकून वाळू दिला. पाण्यासारखा नितळ. पट्टीवरचा पापुद्रा पिवळसर होता. लाकडाचं वार्निश तसं असतं, आणि त्याचा डबा कारखान्यात सगळ्यांच्या हाताशी उघडाच असायचा.

"रविवारी तुम्ही त्यांना एकटं सोडलंत?"

"फोन आला होता. दहा मिनिटं बाहेर होते."

दहा मिनिटं. ताईच्या छातीत काहीतरी आनंदाने उडी मारून गेलं.

बाराच्या सुमाराला शोरूमवाला स्वतःच आला, हातात नव्या मशीनचा कागद घेऊन. बोलावलेल्या माणसाच्या थाटात आत शिरला आणि ताईला पाहून दारातच थबकला. अकरा वर्षांत तो जाड झाला होता. त्याच्या तब्येतीचा किलो न् किलो आपल्या दुकानाचा आहे, असं ताईला वाटलं.

"काल या मशीनचं झाकण उघडलंत?"

"नाही. उगाच कशाला उघडू?"

"बॅग उघडता का जरा?"

त्याने कुरकुरत उघडली. पेचकस, पकड, आणि पंख्यात घालायच्या तेलाची छोटी बाटली. पंखा वाजला की तेल सोडायची त्याची जुनी सवय. त्याच्या हाताचं तेल सगळ्या स्क्रूंना लागायचं, आणि त्यावरून त्यांची भांडणं व्हायची. अकरा वर्षांपूर्वी फुटलेल्या डिस्कचे स्क्रू तिच्या हाताला असेच बुळबुळीत लागले होते. तेव्हाच तिने ओळखलं होतं, पण सांगायचं कुणाला?

आज सांगता येणार होतं. तिने धाकट्याला घरी पिटाळलं. ड्रॉवरमध्ये फडक्यात बांधलेली डिस्क आहे, स्क्रूंसकट घेऊन ये.

तो येईपर्यंत ती स्टुलावर बसून राहिली. शोरूमवाला घड्याळ बघत होता, सूनबाई सासऱ्यांची नजर चुकवत होत्या, आणि काकांचा रंधा चालला होता. काका कामात रमले होते. मधूनच मालक त्यांच्यापाशी जाऊन शुक्रवारपर्यंत होईल ना, असं विचारत होते. काका सावकाश, मान वर न करता, बघू म्हणत होते.

धाकटा धापा टाकत परत आला. ताईने फडकं उलगडलं, चारांपैकी एक स्क्रू चिमटीत धरला आणि शोरूमवाल्याच्या नाकासमोर नेला.

"ओळखलंत?"

सुनावायचं सगळं तिला तोंडपाठ होतं. अकरा वर्षं घोकलं होतं. बोलता बोलता तिचं नख स्क्रूच्या आट्यांतून फिरलं, आणि नखाखाली पांढरट कीस आला.

ती थांबली.

तेलाचा कीस निघत नाही. तेल पसरतं, सुकतं, काळं पडतं. तिने खिशातून आज सकाळचा, झाकणाचा स्क्रू काढला आणि त्याच्या आट्यांतूनही नख फिरवलं. तोच पांढरट कीस. तिने हाताचा वास घेतला. मग तिने दोन्ही स्क्रू मुठीत घट्ट धरले.

"धाकट्या," ती म्हणाली, "या पट्ट्या पूस. खोडरबर घे, थिनर घे, दात लख्ख कर आणि बसव."

धाकट्याने दहा मिनिटांत काम उरकलं. ताईने पिशवीतून दोन नवेकोरे स्क्रू काढले.

"काका, जरा येता? माझं मनगट धरलंय. हे झाकण तेवढं बसवून द्या."

काका हात झटकत उठले. स्क्रू घेतले, कॉम्प्युटरकडे दोन पावलं आले, आणि मग जी गोष्ट चाळीस वर्षं दिवसातून पन्नास वेळा केली ती त्यांच्या हातांनी आपली आपण केली. ते मागे वळले, बाकाशी गेले आणि दोन्ही स्क्रू एकामागून एक मेणाच्या गोळ्यावरून ओढले.

"थांबा," ताई म्हणाली. "मेण कशाला लावलंत?"

"लाकडात सोपा जातो..." काका म्हणाले आणि पुढे बोलले नाहीत. समोर लाकूड नव्हतं, पत्रा होता.

ताईने तीनही स्क्रू मालकांच्या तळहातावर ठेवले: एक अकरा वर्षांपूर्वीचा, एक सकाळचा, एक आत्ताचा.

"नख फिरवून बघा, मालक. तिन्हींवर मेण आहे. कॉम्प्युटरवाला स्क्रूला मेण लावत नाही. या गावात नाही, कुठेच नाही. लाकडावर काम करणारा लावतो, आणि लावतो हे त्याला कळतही नाही. शनिवारी धाकट्याने कोरे स्क्रू बसवले होते. आज सकाळी मी काढले ते मेणाचे होते. म्हणजे मधे कुणीतरी झाकण उघडलं, पट्ट्यांना वार्निश फासलं, आणि सवयीने स्क्रू मेणावर ओढून परत बसवले. शनिवारी कुलूप काकांनी लावलं, सगळे गेल्यावर. दातांना काय चालत नाही, हे माझ्या शहाण्या भावाने दुपारीच शिकवलं होतं."

"आणि हा जुना?" मालकांनी विचारलं.

"तेच हात. माझ्यामागे डिस्क काढली, हातोडीचे दोन ठोके दिले, जागेवर बसवली. लाकडी हातोडीचा ओरखडा उठत नाही. स्क्रू बुळबुळीत लागला तेव्हा मला वाटलं, यांचं तेल." तिने शोरूमवाल्याकडे बोट केलं. "मला तसंच वाटून घ्यायचं होतं, म्हणून नख फिरवून बघायची बुद्धी झाली नाही."

काका बाकाला टेकले होते. नाकारायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

"कशासाठी, काका?"

"यांना विचार." काकांनी मालकांकडे हनुवटी केली. "तीस वर्षं पाऊल हातात घेतलं की कुठे दुखतं ते मला कळायचं. यांनी हा कॉम्प्युटरचा डबा आणला आणि मला पॉलिशला बसवलं. डबा फुटला तेव्हा दोन महिने रोज सकाळी यायचे माझ्यापाशी. काका, होईल ना? काका, तुमच्याशिवाय कोण आहे? शनिवारी या पोरामुळे माझ्याकडचे उरलेसुरले जोडही जाणार होते. आज सकाळी हे पुन्हा आले. मला तेवढंच हवं होतं. त्यांनी यावं आणि मी बघू म्हणावं."

"आणि माझं काय? मी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

"काही नाही," काका म्हणाले. "तू मधे आलीस."

एवढं साधं उत्तर तिला अपेक्षित नव्हतं. याच माणसाने रस्त्यात भेटून तिची विचारपूस केली होती. ती आठवण आता तिला मारापेक्षा जास्त लागली.

शोरूमवाल्याने घसा साफ केला. म्हणाला, चला, म्हणजे मी निर्दोष. आपल्यातलं किल्मिष आता गेलं म्हणायचं. ताई त्याच्याकडे वळली आणि अकरा वर्षांनी पहिल्यांदा त्याला अरेतुरे करून बोलली.

"डिस्क माझ्या हातून पडताना तू पाहिली होतीस?"

"नाही."

"कुणी पाहिली होती?"

"नाही. पण काहीतरी सांगावं लागणारच होतं. दुकान बुडालं असतं."

"दुकान वाचलं, मी बुडाले. घाव यांनी घातला आणि मीठ तू चोळलंस. आज पाचच्या बैठकीला तूही येणार आहेस. धाकट्याचं नाव मालक सुचवणार नाहीत, तू सुचवायचंस. आणि का सुचवतोस तेही सांगायचंस, सगळ्यांदेखत."

शोरूमवाल्याने मालकांकडे पाहिलं. मालक म्हणाले, "हे सांगणार नसतील तर मी सांगेन. आणि मी सांगितलं तर शोरूमला परवडणार नाही."

मग ते काकांकडे फिरले. आत्ताच्या आत्ता हत्यारं उचला आणि चालते व्हा, असं त्यांनी सांगितलं. काकांनी शांतपणे रंधा पुसायला घेतला. जणू कामाचा दिवस संपला होता, आणि चांगला संपला होता. ताईने ते पाहिलं. हा माणूस जिंकून चालला होता.

"नका घालवू, मालक," ती म्हणाली.

सगळ्यांनी वळून पाहिलं.

"त्यांना इथेच ठेवा. हत्यारं मात्र कुलपात ठेवा. एकही पाऊल हाताने कोरायला द्यायचं नाही. रोज सकाळी नऊला हा कॉम्प्युटर काकांनी सुरू करायचा, आणि संध्याकाळी काकांनीच बंद करायचा. बंद पडला तर जबाबदार काका. आणि मालक, तुम्ही पुन्हा कधी त्यांच्या बाकापाशी जायचं नाही."

काकांचा हात रंध्यावर थांबला.

"ताई," ते म्हणाले, "त्यापेक्षा घालवा मला."

"सुरू करा, काका."

ते उठेनात. मालकांनी हाताला धरून त्यांना कॉम्प्युटरपाशी आणलं. काकांनी बटण दाबलं. एक छोटी बीप झाली, पडदा उजळला आणि खोलीच्या पलीकडच्या टोकाला कोरणाऱ्या यंत्राचं पातं फिरू लागलं. काका त्या आवाजाकडे पाठ करून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते. ताईने ते नीट, शेवटपर्यंत पाहिलं. तिला दया यायला हवी होती. ती आली नाही. तिला बरं वाटलं, अगदी पोटभर जेवल्यासारखं.

साडेचारला बहीणभाऊ रुग्णालयाच्या दिशेने निघाले. शोरूमवाला मागून दहा पावलांवर येत होता. वाटेत धाकटा म्हणाला, "ताई, शेवटी जरा जास्तच झालं. म्हातारा माणूस आहे गं तो."

"हो," ताई म्हणाली. "मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते."

तिने बाजाराचा वळसा घेतला नाही. सरळ रस्त्याने, सगळ्या दुकानांसमोरून ती चालत राहिली.